तेविसावें चित्र

गेल्या वर्षीं आमचा नारायण पेठेंतील वाडा पाडावयाचें ठरलें आणि माळ्यावरच्या वस्तू खालीं उतरविण्याचें काम माझ्या वांट्यास आलें. ज्या वस्तूंकडे पन्नास वर्षें कोणीं ढुंकूनही पाहिलें नाहीं, त्या एकाएकीं सर्वांनाच हव्याशा वाटूं लागतात, हा अनुभव ज्यांनीं जुने वाडे सोडले आहेत त्यांना नवा नसेल. पितळेचें घंगाळ एकानें नेलें, शिसवी पाट दुसऱ्यानें मागून घेतले, आणि जुना पाळणा कोणास द्यावा यावरून दोन घरांत चार दिवस अबोला राहिला. सर्वांच्या शेवटीं एका कोपऱ्यांत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा उरला. त्याचें झांकण गंजून गेलें होतें. तो कोणींच मागितला नाहीं. मीं तो हातांत घेतला मात्र, आणि न उघडतांच आंत काय आहे तें मला कळलें. आंत अमेरिका होती.

अमेरिका म्हणजे सबंध देश नव्हे. कॅलिफोर्नियांतील अनाहाइम या गांवीं वॉल्ट डिस्ने यांनीं १९५५ सालीं वसविलेल्या डिस्नेलँड नांवाच्या करमणुकीच्या नगरीचीं तीं रंगीत पारदर्शक चित्रें होतीं; ज्यांस स्लाइड म्हणत तीं. दोन इंची पुठ्ठ्याची चौकट, मध्यें फिल्मचा चिमुकला तुकडा, आणि चौकटीच्या कोपऱ्यांत माझ्या धाकट्या काकांच्या सुबक अक्षरांत घातलेला अनुक्रमांक. असे अनुक्रमांक १ पासून ३६ पर्यंत होते. पण चित्रें पस्तीसच होतीं. तेविसावें चित्र त्या डब्यांत कधींच नव्हतें. आम्ही मुलें दर वेळीं विचारीत असूं, "काका, तेविसावें कोठें आहे?" आणि काका दर वेळीं तेंच उत्तर देत, "तें बिघडलें."

काका १९५९ सालीं पुढील शिक्षणासाठीं लॉस एंजेलिसला गेले. बॅलार्ड पिअरवर त्यांना पोंचवावयास आम्ही सारे मुंबईस गेलों होतों असें सांगतात. मला त्यांतलें फक्त बोटीचें भोंग्याचें ओरडणें आठवतें. काकू आणि दोन वर्षांचा बाळ, म्हणजे माझा चुलतभाऊ, घरींच राहिले. एका माणसाच्या भाड्याची जुळवाजुळव करतांना आजोबांच्या तोंडचें पाणी पळालें होतें. तिघांचें भाडें कोठून आणावयाचें? शिवाय जाणें होतें तें परत येण्यासाठींच. अमेरिकेनें १९४६ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतून कायमच्या वास्तव्यासाठीं येणारांची मर्यादा वर्षाला शंभर माणसें एवढी ठरवून दिली होती, आणि तें दार मोकळें झालें तें १९६५ नंतर. तेव्हां काका तीन वर्षांनीं परत येतील, तोंवर काकूनें सासरीं राहावें, यांत कोणास कांहींच वावगें वाटलें नाहीं. "घरांत बारा माणसें आहेत, तिला काय कमी आहे?" हें वाक्य मीं स्वतः माजघरांत ऐकलें आहे. बारा माणसें होतीं हें अगदीं खरें होतें.

काकांचीं पत्रें येत तीं आजोबांच्या नांवानें. रात्रीं जेवणें झाल्यावर आजोबा चष्मा लावून तीं सर्वांसमक्ष वाचीत. त्यांत तेथील थंडीचें, अभ्यासाचें, शिजवून खाण्याच्या फजितीचें वर्णन असे, आणि शेवटीं "सर्वांस यथायोग्य" असे. त्या यथायोग्यांत काकूचा जो कांहीं वांटा असेल तेवढाच तिचा. तिनें स्वतंत्र पत्र मागावें किंवा काकांनीं तें पाठवावें, अशी आमच्या घरची रीत नव्हती. आणि त्या काळीं ती कोणाच्याच घरची नसावी.

पुढें १९६१ साल आलें. पुण्याच्या माणसास त्या सालाविषयीं अधिक सांगावें लागत नाहीं. १२ जुलैला सकाळीं पानशेतचें अपुरें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचें धरणही टिकलें नाहीं, आणि मुठेचें पाणी पेठांत शिरलें. मी तेव्हां सात वर्षांचा होतों. काकूनें एका कडेवर बाळाला घेतलें, दुसऱ्या हातांत देवघरांतले देव ताम्हनासकट घेतले, आणि आम्ही सर्व पर्वतीच्या वाटेस लागलों. पाणी ओसरल्यावर परत येऊन पाहतों तों वाड्याच्या दगडी भिंती उभ्या होत्या, माडीही जागच्या जागीं होती. पण खालच्या खोल्यांत गुडघाभर चिखल होता, आणि त्या चिखलांत आमच्या घराण्याचीं सारीं छायाचित्रें होतीं. पणजोबांचें पागोट्यांतलें, आजीआजोबांचें काशीयात्रेचें, बाळाचें बारशाचें, काकाकाकूंच्या लग्नाचें, एकूणएक! काकूनें लग्नाचें चित्र उचललें आणि बादलींतल्या पाण्यांत हलक्या हातानें धुऊं लागली. चिखल निघाला, पण त्याच्याबरोबर चेहरेही निघून गेले. तिच्या हातांत नुसता पांढरा कागद राहिला. तिनें तो वाळत घातला, हें मला चांगलें आठवतें. तो कां वाळत घातला असावा हें मात्र तेव्हां मला उमगलें नाहीं.

काकांना पुराची बातमी तेथील वर्तमानपत्रांत चार ओळींत वाचावयास मिळाली. त्यानंतर घरचें पत्र हातीं पडेपर्यंतचे दिवस त्यांनीं कसे काढले, तें त्यांनीं कधींच सांगितलें नाहीं. आपण सर्व सोडून येतों असें त्यांनीं लिहिलें. आजोबांनीं उलट टपालानें कळविलें, "माणसें सुखरूप आहेत. अभ्यास पुरा केल्यावांचून येऊं नये." त्याच वर्षीं नोव्हेंबरअखेर तिकडे थँक्सगिव्हिंगची सुटी आली, वसतिगृह रिकामें झालें, एका स्नेह्यानें आपला कॅमेरा देऊं केला, आणि काका एकटेच त्या नगरीस जाऊन आले. डब्यांतील छत्तीस चित्रें हीं त्या एका दिवसाचीं होत.

१९६२ च्या उन्हाळ्यांत काका परत आले. बाळ पांच वर्षांचा झाला होता. काकांनीं हात पुढें करतांच तो काकूच्या पदराआड लपला आणि "हे कोण?" असें सर्वांना ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें विचारता झाला. सारे हंसले, काकाही हंसले. सामानांत पुस्तकें होतीं, एक दाढीचें यंत्र होतें, आणि चित्रें भिंतीवर पाडण्याचा एक प्रोजेक्टर होता. त्या दिवाळींत माजघराच्या भिंतीला आजोबांचें धुतलेलें धोतर ताणून लावलें, दिवे मालवले, आणि आमच्या घरांत प्रथमच ती नगरी उजळली.

आजी कल्याणची माहेरवाशीण. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालापासून "शांबरिक खरोलिका" नांवाचे जादूच्या कंदिलाचे खेळ केले होते. ते तिनें लहानपणीं पाहिलेले. त्यामुळें ती प्रोजेक्टरला शेवटपर्यंत खरोलिकाच म्हणे, आणि अमेरिकेच्या नवलाईनें ती मुळींच दबून जात नसे. सातव्या चित्रांत निळ्या शिखरांचा राजवाडा आला कीं ती विचारी, "एवढ्या मोठ्या वाड्यांत देवघर कोणत्या अंगाला?" पंधराव्या चित्रांत चंद्रावर जाणारें उंच अग्निबाण-विमान दिसे, तेव्हां तिची शंका अशी कीं, तेथें एकादशी पाळावयाची ती कोणत्या चंद्राच्या हिशेबानें? त्याच नोव्हेंबरांत पंडित नेहरू इंदिरा गांधींसह या नगरीस गेले होते आणि स्वतः डिस्ने यांनीं त्यांना ती हिंडून दाखविली होती, हें काकांनीं एकदां सांगितलें मात्र, तेव्हांपासून प्रत्येक चित्रांतल्या गर्दींत आजी पंडितजींना शोधूं लागली. काका दुसऱ्या दिवशीं गेले होते, हें तिला कोणींही पटवूं शकलें नाहीं.

काकू पुढें येऊन बसत नसे. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसून अंधारांतच वाती वळीत असे. "काकू, ये ना, राजवाडा आला!" असें आम्हीं ओरडावें, आणि तिनें "येथून दिसतो हो मला," म्हणावें.

त्या चित्रांनीं आमच्यावर केवढें गारूड केलें होतें! घोड्याची ट्राम, डोंगरांतून खेंचरांची रांग, तारेवरून तरंगत जाणाऱ्या टोपल्या, एका रुळावरची झुकझुकगाडी, पाण्याखालीं बुडणाऱ्या नावा, आणि सबंध प्लास्टिकचें एक घर. पण या सर्वांपेक्षां आम्हांला लळा लागला तो त्या चित्रांतल्या माणसांचा. अकराव्या चित्रांत पांढरे हातमोजे व लाल कोट घातलेली एक बाई वळून मागें पाहत होती. तिचें नांव आम्हीं "लाल कोटाची मावशी" ठेवलें. अठराव्यांत शेपटीवाली केसाळ टोपी घातलेला एक मुलगा रडत होता. त्याचें काय हरवलें असावें यावर आमचे तट पडत. आमच्या पणजोबांचें तोंड कसें होतें तें आम्हांला ठाऊक राहिलें नव्हतें, पण सातासमुद्रांपलीकडच्या त्या मावशीच्या कोटाला किती बटनें आहेत तें आम्ही डोळे मिटून सांगितलें असतें. घरचीं चित्रें पाण्यांत गेलीं, त्या जागीं हीं परक्यांचीं येऊन बसलीं. एरवीं पुण्याच्या एका वाड्यांतील पोरांनीं अनाहाइमच्या एका रस्त्यासाठीं झुरावें, याला दुसरें कारण मला आजही सांपडत नाहीं.

पुढें मोठेपणीं त्या नगरीविषयीं मिळेल तें वाचण्याचा मला छंदच लागला. आणि मग असें आढळून आलें कीं, आम्ही ज्या चित्रांसाठीं झुरत होतों तीं मुळांतच एका झुरणाऱ्या माणसानें उभारलेल्या जागेचीं होतीं. डिस्ने यांचें बालपण १९०६ ते १९११ पर्यंत मिसूरी संस्थानांतील मार्सेलीन नांवाच्या लहानशा गांवीं गेलें. पुढें सुमारें पन्नास वर्षांनीं त्यांनीं १६० एकरांचा संत्र्यांच्या बागांचा मुलूख विकत घेऊन, एका वर्षांत आणि एक कोटी सत्तर लाख डॉलर खर्चून नगरी उभी केली, तेव्हां तिच्या दाराशींच आपल्या आठवणींतल्या गांवासारखी एक पेठ वसविली. त्या पेठेंतील दुकानांचे वरचे मजले खालच्यापेक्षां मुद्दाम लहान बांधले आहेत, आणि राजवाड्याच्या विटाही वर वर जातांना लहान होत जातात. त्यामुळें उंची आहे त्याहून अधिक भासते, आणि सारें कांहीं आपल्या आटोक्यांतलें, खेळण्यांतलें वाटतें. बाहेरचें जग दिसूं नये म्हणून सभोंवार मातीचा उंच बांध घातला आहे. आठवणीचेंही असेंच नव्हे काय? तिच्याहीभोंवतीं बांध असतो.

बांधाच्या पलीकडचें चित्रांत येत नाहीं, हें मात्र विसरूं नये. १७ जुलै १९५५ रोजीं नगरी उघडली त्या दिवशीं खोट्या तिकिटांनीं गर्दी दुणावली, उकाड्यानें रस्त्यांचें ओलें डांबर मऊ पडून बायकांच्या टांचा त्यांत रुतल्या, आणि नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळें पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते. झाडें लावावयास पैसा पुरेना, तेव्हां उगवलेल्या रानगवतालाच लॅटिन नांवांच्या पाट्या लावून दिल्या, अशीही गोष्ट सांगतात. काकांच्या पस्तीस चित्रांतल्या गर्दींत सांवळा चेहरा शोधूनही क्वचितच सांपडतो. त्या काळीं अमेरिकेच्या पुष्कळ भागांत वर्णभेद उघड चालत असे, आणि नागरी हक्कांचा कायदा झाला तो १९६४ सालीं. त्या गर्दींतून कॅमेरा गळ्यांत अडकवून एकटा हिंडणारा तो सांवळा हिंदी तरुण काय भोगीत होता, हें त्याच्या चित्रांत कोठेंही उमटलें नव्हतें. चित्रें सारीं हंसरीं होतीं, आणि आम्ही मुलें मनांत म्हणत असूं, काकांनीं काय चैन केली!

बाळही तसेंच म्हणे. पण त्याच्या म्हणण्यांत हेवा नव्हता, अढी होती. बापलेकांचें कधीं उघड भांडण झालें नाहीं. काकांनीं त्याला सायकल शिकविली, गणित शिकविलें, इंजिनियर केलें. तरी पहिल्या पांच वर्षांची फट बुजली नाहीं. पुढें तो स्वतः कॅलिफोर्नियास गेला आणि तिकडचाच झाला. १९८८ सालीं काका वारले, तेव्हां तो वेळेवर पोंचूं शकला नाहीं. बाराव्या दिवशीं रात्रीं गच्चींत तो मला म्हणाला, "दादा, मी पाण्यांतून आईच्या कडेवर बसून गेलों, त्या वर्षीं हे राजवाडे पाहत हिंडत होते." मीं त्याला कांहीं उत्तर दिलें नाहीं. मलाही तें खरेंच वाटत होतें.

१९९९ सालीं मी त्याच्याकडे गेलों असतां त्यानें मला हौसेनें त्या नगरीस नेलें. माझ्या डोक्यांत पस्तीस चित्रें क्रमवार होतीं, आणि मी एकेक ताडून पाहूं लागलों. तारेवरच्या टोपल्या १९९४ सालींच बंद झाल्या होत्या. खेंचरें १९७३ त गेलीं होतीं. बुडत्या नावा आदल्याच वर्षीं थांबल्या होत्या. प्लास्टिकचें घर १९६७ सालीं पाडलें. पाडतांना लोखंडी गोळा त्याच्यावर आदळून उलट उडाला, इतकें तें चिवट होतें म्हणे. सर्वांत गंमत "उद्यांच्या नगरी"ची. १९५५ सालीं ती बांधली तेव्हां तिच्यांतला देखावा १९८६ सालचा म्हणून कल्पिला होता. मी गेलों तेव्हां तें १९८६ देखील तेरा वर्षें मागें पडलें होतें! चंद्राकडे जाणारें तें विमान नाहींसें झालें होतें, आणि त्याची एक लहानशी प्रतिकृति आठवणीखातर नव्यानें उभी केली होती. ज्या गोष्टी नव्या राहाव्या म्हणून बांधल्या त्या सर्वांआधीं जुन्या झाल्या, आणि जी पेठ पहिल्या दिवसापासूनच जुनी होती ती जशीच्या तशी होती. चित्रांत काठीएवढीं असलेलीं झाडें छपरांवर गेलीं होतीं. एक खजुरीचें झाड मात्र काकांच्या चित्रांतही मोठेंच होतें. तें मूळच्या बागमालकाच्या दारांतलें, १८९६ सालीं लावलेलें, आणि त्याच्या इच्छेवरून राखून ठेवलेलें. त्याला मीं नकळत हात लावला.

पेठेंतून परत येतांना बाळ हंसत, पण थोडा चिडून म्हणाला, "आईला १९९१ त येथें आणलें होतें. एवढीं महाग तिकिटें काढलीं, आणि ही बाई दिवसभर या रस्त्यावरच्या एका बांकावर बसून राहिली. 'तुम्ही या फिरून, मी येथें बरी आहें.' बरें, बसली ती बसली. शेजारीं आपली पिशवी ठेवून सगळा बांक अडविला. लोक बसावयास आले कीं मान हलवी. मला मेल्याहून मेल्यासारखें झालें." आम्ही दोघेही हंसलों. काकूच्या हट्टीपणाच्या घरांत ज्या पांचपन्नास गोष्टी सांगत, त्यांत ही आणखी एक जमा झाली. २००६ सालीं काकू गेली.

आतां पुन्हां डब्याकडे येतों. तीं चित्रें संगणकावर उतरवून घ्यावीं म्हणून मीं जुन्या छायाचित्रांच्या जतनाचें काम करणाऱ्या एका गृहस्थांकडे तीं नेलीं. त्यांनीं भिंग लावून पाहिलीं आणि म्हणाले, "ही कोडाक्रोम फिल्म आहे. अंधारांत ठेवली तर पिढ्यान् पिढ्या रंग टिकतात. हिच्याइतका टिकाऊपणा त्या काळच्या दुसऱ्या रंगीत फिल्मला नव्हता. पण प्रोजेक्टरचा प्रखर उजेड हिला सोसत नाहीं. जितकें दाखवाल तितकें उडत जातें." ती फिल्म करणें कोडाक कंपनीनें २००९ सालीं सोडलें, आणि २०१० च्या अखेरीस जगांत ती धुऊन देणारी शेवटची जागाही बंद झाली, म्हणजे गेलेला रंग आतां नव्यानें येणें नाहीं. त्यांनीं चित्रें उजेडाच्या कांचेवर ओळीनें मांडलीं, तेव्हां मला आमचें सारें बालपण वाचतां आलें. राजवाडा सर्वांत फिका झाला होता, कारण "आणखी थोडा वेळ ठेवा!" असा आमचा आग्रह असे. लाल कोटाची मावशी गुलाबी पडली होती. दोन दुकानांच्या नीरस चित्रांवरचे रंग मात्र ताजे होते. तीं आम्हीं कधींच पाहूं दिलीं नव्हतीं. आम्हीं ज्याच्यावर अधिक प्रेम केलें तें आम्हींच पुसून टाकलें होतें.

डब्याच्या तळाशीं त्या नगरीच्या तिकिटांच्या वहींतलें एक न वापरलेलें कूपनही होतें. १९८२ पर्यंत तेथें प्रत्येक खेळाला निराळें कूपन लागे. सर्वांत भारी 'ई' आणि सर्वांत हलकें 'ए'. हें 'ए' होतें, पेठेंतल्या घोड्याच्या ट्रामचें. एकट्यानें ट्राममध्यें काय बसावयाचें, असें काकांना वाटलें असावें.

वाड्याच्या कागदांवर सह्या करण्यासाठीं बाळ गेल्या वर्षीं आला होता. काकूची ट्रंक तोंवर कोणीं उघडली नव्हती. मुलानेंच उघडावी असें सर्वांचें मत पडलें. ती माडीवर असे, म्हणून पुरांतून वांचलेली. आंत तिच्या लग्नाचा शेला होता. त्याच्या घडींत पांढऱ्या कागदाचा एक चौकोन होता. तो कोणता तें मीं ओळखलें. बाळाला ओळखतां आला नसता, म्हणून त्याला सांगितलें. आणि त्या कागदाच्या घडींत पुठ्ठ्याची एक लहान चौकट होती. कोपऱ्यांत आंकडा होता: २३.

बाळानें ती खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. मग न बोलतां माझ्या हातीं दिली.

रंग कालचे असावे तसे ताजे होते. तीच पेठ, तिन्हीसांजेची वेळ, दिवे नुकतेच लागलेले. एका लांब बांकावर काका बसले होते. कोणा वाटसरूला विनवून काढून घेतलेलें चित्र असावें, थोडें तिरकें आलें होतें. अंगांत निघतांना शिवलेला तोच काळा कोट. हातांत एक तांबडा फुगा, मिकी उंदराच्या कानांचा. काका हंसत नव्हते. बांकाच्या अगदीं एका टोकाला, अंग चोरून ते बसले होते आणि उरलेला सारा बांक मोकळा होता. चौकटीच्या खालच्या कडेला शिसपेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहिलें होतें, "दोघांची जागा धरून ठेवली आहे."

बारा माणसांच्या त्या घरांत, सर्वांसमक्ष वाचल्या जाणाऱ्या त्या सर्व पत्रांत, काकूला आलेलें तिचें स्वतःचें पत्र हें एवढेंच. तें काकांनीं कधीं व कसें दिलें कोण जाणे. तें भिंतीवर कधींच पडलें नाहीं. तिनें तें खिडकीशीं धरून पाहिलें असेल तेवढेंच. उंबऱ्याशीं बसून वाती वळतांना आम्ही "तेविसावें कोठें?" म्हणून ओरडत असूं आणि काका "तें बिघडलें" म्हणत, तेव्हां अंधारांत तिचा चेहरा कसा होत असेल, हें आम्हीं एकदांही वळून पाहिलें नाहीं. आम्ही राजवाडा पाहत होतों.

या नगरीची कल्पना डिस्ने यांना कशी सुचली, तें त्यांनीं सांगून ठेवलें आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कांत त्यांच्या मुली फिरत्या घोड्यांवर बसत, आणि ते स्वतः बांकावर बसून त्यांच्याकडे पाहत राहत. बापानें बांकावर एकटें बसूं नये, आईबापांनीं आणि मुलांनीं मिळून आनंद करावा अशी कांहीं जागा असावी, असें त्यांच्या मनांत आलें. ही हकीकत मीं पूर्वी कितीदां तरी वाचली होती.

बाळ खिडकीशींच उभा होता. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "दादा, त्या दिवशीं मीं आईला चारदां म्हटलें, पिशवी उचल, लोकांना बसूं दे."

यावर बोलण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें. त्यानें तें चित्र त्या कागदाच्या घडींत घातलें, कागद शेल्यांत ठेवला, आणि शेला आपल्या बॅगेंत अगदीं तळाशीं, उजेड लागणार नाहीं असा ठेवला. त्याच्या संमतीनेंच मी हें लिहीत आहें. चित्र मात्र कोणास दाखवावयाचें नाहीं, असें आम्हीं ठरविलें.

बाकीचीं पस्तीस मीं घरच्या सर्व मुलांनातवंडांना पाठवून दिलीं. आठ दिवसांनीं बाळाच्या नातीचा कॅलिफोर्नियाहून दूरध्वनि आला. मुलगी हुशार आहे. तिनें आंकडे मोजले होते.

"आजोबा, तेविसावें कोठें आहे?"

"तें बिघडलें, बाळ," मीं म्हटलें.